तक्रार येते तेव्हा : भौतिकोपचारतज्ज्ञाचे उत्तरदायित्व

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा घास उचलू लागतो, हाड जुळल्यानंतर ताठरलेला गुडघा मांडी घालण्याइतका वाकतो, खाटेला खिळलेली व्यक्ती काठीच्या आधाराने अंगणापर्यंत येते. यामागे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच भौतिकोपचारतज्ज्ञाचे अनेक आठवड्यांचे परिश्रम असतात. लोकांच्या तोंडी ‘फिजिओथेरपी’ या नावाने रुळलेल्या या शास्त्राच्या पद्धतशीर शिक्षणाचा भारतातील आरंभ मुंबईत झाला. पोलिओने पांगळ्या झालेल्या बालकांचा प्रश्न त्या काळी तीव्र होता. परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. १९५५ साली हाजी अलीच्या परिसरात पुनर्वसनाला वाहिलेली अखिल भारतीय संस्था उभी राहिली. महानगरातील मोजक्या रुग्णालयांपुरता मर्यादित असलेला हा व्यवसाय आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. बाजारपेठेतील औषधांच्या दुकानावरच्या माडीवर दोन खाटा, एक यंत्र आणि भिंतीवर मणक्याचे चित्र असा दवाखाना आता कोणाला नवा वाटत नाही.

व्यवसायाचा असा विस्तार झाला की त्याच्याविरुद्धच्या तक्रारीही येणारच. तक्रार करणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि तिला योग्य रीतीने सामोरे जाणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे. परंतु शरीररचना, स्नायू आणि यंत्रे यांचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तरुण तज्ज्ञाच्या हाती पहिली नोटीस पडते, तेव्हा काय करावे हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

तक्रारींचे स्वरूप

या व्यवसायाच्या काही गोष्टी मुळातच नाजूक आहेत. येथे उपचारासाठी रुग्णाला काही वेळा दुखवावे लागते. आखडलेला खांदा मोकळा करताना वेदना होणारच. ही वेदना आवश्यक की निष्काळजीपणाची, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे आधी समजावून सांगणे. येथे यश पुष्कळ अंशी रुग्णाने घरी केलेल्या व्यायामावर अवलंबून असते. पैसे मात्र दर बैठकीला मोजावे लागतात. आणि येथे स्पर्शावाचून काही होत नाही.

म्हणून तक्रारीही याच अंगांनी येतात. शेकाने वा विद्युत्-यंत्राने त्वचा भाजणे, चालण्याचा सराव करताना रुग्ण पडणे, ठिसूळ हाडांच्या वृद्धाच्या सांध्यावर अधिक जोर पडून अस्थिभंग होणे, या दुखापतीच्या तक्रारी होत. काही तक्रारी न ओळखलेल्या आजाराच्या असतात. कंबरदुखीच्या रुग्णाला लघवीवर ताबा राहत नसेल, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला असेल, तर तो शेकण्याचा रुग्ण नव्हे. त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविणे हाच उपचार. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असता तेथे रक्ताची गुठळी नाही याची खात्री झाल्यावाचून मालीश वा व्यायाम करणे धोक्याचे असते. उपचार अप्रशिक्षित मदतनिसाने केले, दहा बैठकींचे पैसे आगाऊ घेतले आणि गुण आला नाही, ‘पंधरा दिवसांत धावू लागाल’ असे सांगितले होते, या तक्रारी शब्द आणि व्यवहार यांतून उद्भवतात. संख्येने त्या कमी नसाव्यात. मदतनिसाच्या हातून चूक झाली तरी तिचे उत्तर दवाखान्याच्या चालकालाच द्यावे लागते, ही गोष्ट अनेकांच्या उशिरा ध्यानात येते.

एक प्रातिनिधिक प्रसंग

पुढे दिलेला प्रसंग कोणा एका दवाखान्याचा नाही. तो प्रातिनिधिक म्हणून रचला आहे. पण या व्यवसायातील जाणत्यांना तो अपरिचित वाटणार नाही. अडुसष्ट वर्षांच्या एका आजींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गुडघेदुखीसाठी त्या रोज सायंकाळी दवाखान्यात येतात. अकराव्या बैठकीच्या दिवशी दवाखान्यात गर्दी आहे. तज्ज्ञ बाई एकट्या आणि रुग्ण पाच. गुडघ्यावर गरम शेकाची पिशवी ठेवली जाते. ही पिशवी ज्या पाण्यातून काढतात ते सत्तर ते पंचाहत्तर अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. म्हणून पिशवी आणि त्वचा यांच्यामध्ये टॉवेलचे सहा ते आठ पदर ठेवण्याचा आणि पाच मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा पाहण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी पदर कमी पडले आणि पाच मिनिटांनी पाहणेही राहून गेले. आजींना भाजल्याचे कळलेच नाही, कारण दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली मोठा फोड दिसला आणि दहाच्या सुमारास त्यांचा मुलगा दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

“मॅडम, आईच्या पायाला हे काय झालं? काल इथून गेली तेव्हा काही नव्हतं.”

येथे दोन वाटा फुटतात. “घरी गरम पाण्याने शेकले असेल” हे उत्तर जिभेवर तयार असते. भीतीपोटी माणूस तसे बोलूनही जातो, आणि दुखावलेला मुलगा तेथूनच वकिलाकडे जातो. दुसरी वाट अवघड आहे. बाईंनी मुलाला बसवले, आजींचा पाय स्वतः पाहिला, फोड न फोडता स्वच्छ पट्टी बांधली आणि त्याच सकाळी त्यांना शल्यचिकित्सकाकडे नेले. मधुमेही रुग्णाच्या पायावरील भाजण्याची जखम किरकोळ दिसली तरी किरकोळ मानता येत नाही. ती चिघळली तर पायावर बेतू शकते. “काल शेक दिल्यावर हे झालेले दिसते, याचे मला फार वाईट वाटते. काय झाले ते मी नीट तपासून तुम्हांला सांगते,” एवढेच त्या मुलाला म्हणाल्या.

पुष्कळ तज्ज्ञांना एक शंका असते. दिलगिरी व्यक्त केली म्हणजे गुन्हा कबूल केला असे ठरणार नाही काय? व्यावसायिक दायित्वाचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांच्या करारात, कंपनीच्या संमतीवाचून दायित्व मान्य करू नये, अशी अट सामान्यतः असते. यामुळे काही तज्ज्ञ तोंडच मिटून घेतात. परंतु झालेल्या इजेबद्दल खेद व्यक्त करणे, घडले ते खरे सांगणे आणि तातडीचा उपचार मिळवून देणे निराळे. ‘सारी भरपाई मी देईन’ असे लिहून देणे निराळे. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. बहुतेक पॉलिसी दावा दाखल होतो त्या वेळी चालू असाव्या लागतात. म्हणून दवाखाना बंद केल्यावरही काही काळ विमा चालू ठेवणे हिताचे असते.

कागदाचे मोल

रुग्ण गेल्यावर बाईंनी नोंदवही उघडली. पहिल्या दिवशी त्यांनी आजींच्या पायाची संवेदना तपासली होती. गरम आणि थंड पाण्याच्या दोन परीक्षानळ्या आळीपाळीने त्वचेला लावून, डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘गरम की थंड?’ असे विचारायचे, ही साधी तपासणी. आजींची उत्तरे संथ पण बरोबर आली होती, हे बाईंना स्पष्ट आठवत होते. नोंदवहीत मात्र ‘गुडघेदुखी, मधुमेह, शेक व व्यायाम’ याखेरीज काही नव्हते. पुढच्या दहा बैठकींसमोर तर केवळ तारीख आणि पैसे. एका व्यवसायबंधूने सल्ला दिला की, “जागा आहे ना तिथे? एक ओळ घालून टाका. तपासणी तर तुम्ही केलीच होती.”

हा सल्ला वरवर निर्दोष भासतो. वस्तुतः सर्व सल्ल्यांत तो सर्वाधिक घातक आहे. नंतर घातलेली ओळ शाईवरून, अक्षराच्या दाटीवरून, रुग्णाने आधीच भ्रमणध्वनीवर टिपलेल्या छायाचित्रावरून उघडी पडते; आणि एकदा ती उघडी पडली की नोंदवहीतील खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. निष्काळजीपणाच्या तक्रारीला मग अप्रामाणिकपणाची जोड मिळते. काही राहून गेले असे वाटल्यास आजच्या तारखेने, ‘आठवणीनुसार केलेली पुरवणी नोंद’ असे स्पष्ट म्हणून वेगळे लिहावे आणि खाली सही करावी. चुकलेला शब्द दुरुस्त करताना त्यावर एकच रेघ मारावी, जेणेकरून तो वाचता येईल, आणि शेजारी तारीख व आद्याक्षरे घालावीत. बाईंनी पुरवणी नोंद लिहिली. जुन्या पानाला हात लावला नाही.

नोंद किती असावी, हा प्रश्न गर्दीच्या दवाखान्यात नेहमी विचारला जातो. पहिल्या बैठकीला ती सविस्तर हवी : रुग्णाचे म्हणणे, जुने आजार, शरीरात धातूची पट्टी किंवा पेसमेकर आहे काय, तपासणीत काय आढळले, रुग्णाला काय समजावले आणि त्याने संमती दिली काय. शॉर्टवेव्ह डायथर्मीसारख्या उपचारात पेसमेकरची नोंद राहून जाणे प्राणावर बेतू शकते. पुढच्या प्रत्येक बैठकीला चार ओळी पुरतात : कोणते साधन, किती मिनिटे, किती तीव्रता, आणि उपचारानंतर त्वचा व वेदना कशी होती. या चार ओळींना दोन मिनिटे लागतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचारारंभापासून तीन वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्यावी लागतात. भौतिकोपचाराच्या दवाखान्यानेही हाच दंडक पाळला तर शहाणपणाचे ठरेल. प्रत नाकारणाऱ्या तज्ज्ञाकडे दडविण्याजोगे काही असणार, असा समज होण्यास वेळ लागत नाही.

तक्रार कोठे जाते

रुग्णापुढे अनेक दारे आहेत आणि प्रत्येक दाराआडचा प्रश्न वेगळा आहे. सरसकट ‘केस झाली’ असे म्हणून घाबरून जाण्याऐवजी कागद कोठून आला ते आधी पाहावे.

वकिलाची नोटीस हा मागणीचा कागद असतो. तो न्यायालयाचा आदेश नव्हे. तरीही त्याला शांतपणे, विमा कंपनीला विचारून, मुदतीत उत्तर द्यावे. जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस मात्र वेगळी. २० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. आयोग फार तर आणखी पंधरा दिवस देऊ शकतो. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये निर्णय दिला की, ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा ओलांडता येणार नाही. ‘बघू पुढच्या तारखेला’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाची बाजू ऐकलीच न जाण्याचा धोका यातून निर्माण होतो. रुग्णालाही मर्यादा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून साधारणतः दोन वर्षांत त्याने आयोगाकडे जावयाचे असते. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलेले आहे. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये तेवढी त्याबाहेर आहेत.

आयोगापुढे निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार सामान्यतः तक्रारदारावर असतो. त्याची कसोटी सर्वोत्तम तज्ज्ञाची नसते. त्याच शास्त्रातील सर्वसाधारण कुशल व्यक्तीने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली काय, एवढेच पाहिले जाते. इंग्लंडमधील १९५७ च्या एका खटल्यातून रूढ झालेली ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात स्वीकारली आणि फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा फार ठळक स्वरूपाचा असला पाहिजे, असेही सांगितले. म्हणजे गुण आला नाही एवढ्यावरून दोष लागत नाही. मात्र काही घटना स्वतःच बोलतात. शेकाच्या पिशवीखाली त्वचा भाजली असेल, तर ‘मी काळजी घेतली होती’ हे दाखविण्याची पाळी बहुधा तज्ज्ञावरच येते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष आवश्यकच आहे असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे.

तिसरे दार परिषदेचे. भौतिकोपचार व व्यवसायोपचार या दोन व्यवसायांच्या नियमनासाठी महाराष्ट्राने २००२ चा स्वतंत्र कायदा केला आणि त्यान्वये राज्य परिषद अस्तित्वात आली. देशपातळीवर २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यात भौतिकोपचाराचा समावेश असून राज्य परिषदांना आचारसंहिता पाळवून घेण्याचे व नोंदवहीतून नाव काढून टाकण्यापर्यंत शिस्तभंगाची कारवाई करण्याचे अधिकार आहेत. ग्राहक आयोग भरपाईचा विचार करतो. परिषद या व्यक्तीच्या हाती रुग्ण सोपवावा काय याचा विचार करते. म्हणून परिषदेला पाठवावयाच्या उत्तरात रुग्णाच्या स्वभावाची उणीदुणी काढण्यात अर्थ नसतो. घटनाक्रम तारखांसह लिहावा, नोंदवहीची प्रत जोडावी, जे चुकले ते चुकले म्हणावे आणि त्यानंतर दवाखान्यात कोणता बदल केला ते सांगावे. रागाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा रात्रभर बाजूला ठेवून सकाळी वकिलाला आणि एका ज्येष्ठ व्यवसायबंधूला दाखवावा. एवढ्याने बहुधा निम्मा मजकूर आपोआप गळतो.

प्रश्न स्पर्शाचा

अनुचित स्पर्शाची तक्रार ही सर्वांत नाजूक. कंबर, जांघ, छाती, ओटीपोट यांवरील उपचारात तज्ज्ञाला जे निव्वळ शास्त्रीय वाटते ते न सांगता केले गेल्यास रुग्णाला अपमानास्पद वाटू शकते. आणि काही वेळा तक्रार अक्षरशः खरीही असते. दोन्ही शक्यता मनात ठेवूनच व्यवस्था केली पाहिजे. कोठे हात लावणार, कशासाठी आणि कोणते वस्त्र किती सैल करावे लागेल हे आधी सांगावे, होकार मिळेपर्यंत थांबावे, अंगावर चादर द्यावी. पुरुष तज्ज्ञाने स्त्री रुग्णावर उपचार करताना मदतनीस स्त्री अथवा रुग्णाची नातलग उपस्थित ठेवावी आणि तिच्या उपस्थितीची नोंद करावी. संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली असे होत नाही. रुग्णाने ‘नको’ म्हटले की हात थांबलाच पाहिजे.

अशी तक्रार पोलिसांकडे जाऊ शकते. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण केवळ नोकरदार स्त्रीपुरते नाही. त्या ठिकाणी आलेली स्त्रीही, ती तेथे नोकरीस नसली तरी, दाद मागू शकते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दवाखान्याविरुद्ध किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल, तर ती जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असून सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असता तक्रारदार स्त्रीशी परस्पर संपर्क साधून ‘समजूत घालण्याचा’ प्रयत्न कधीही करू नये. निर्दोष व्यक्तीचीही बाजू अशा भेटीने बिघडते.

तज्ज्ञाचे मन

अमेरिकेतील डॉ. आल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखात, वैद्यकीय चुकीत इजा झालेल्या रुग्णानंतर चूक करणारा वैद्य हा ‘दुसरा बळी’ ठरतो, असे म्हटले होते. पहिला बळी रुग्णच, हे विसरून चालणार नाही. तरीही या दुसऱ्याची अवस्था खरी आहे. झोप उडते, प्रत्येक रुग्णात पुढचा तक्रारदार दिसू लागतो, हातांना आलेला संकोच उपचारात उतरतो. काही जण वृद्ध आणि मधुमेही रुग्ण घेण्याचेच टाळू लागतात. मग ज्यांना या उपचाराची सर्वाधिक गरज, तेच दारातून परत जातात. लहान गावात तर बातमी भाजीबाजारापर्यंत पोहोचते आणि तज्ज्ञाला रुग्णाची गुप्तता पाळायची असल्याने आपली बाजू कोठे सांगताही येत नाही. समाजमाध्यमावर उत्तर देण्याचा मोह आवरावा तो याचसाठी. रुग्णाचे नाव, आजार वा तपासणी उघड करणे हा दुसऱ्या तक्रारीचा विषय होऊ शकतो. घरच्यांशी, विश्वासातील एखाद्या ज्येष्ठाशी नाव न घेता बोलावे. झोप आणि भूक अनेक आठवडे गेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. या व्यवसायातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी एक दूरध्वनी केला तरी त्याचे मोल मोठे असते. तो क्वचितच येतो, ही खंतही नमूद केली पाहिजे.

त्या आजींची जखम भरून यायला सात आठवडे लागले. मुलाने जिल्हा आयोगाकडे तक्रार केली. बाईंनी विसाव्या दिवशी उत्तर आणि नोंदवहीची प्रत दाखल केली. संवेदनेची तपासणी कागदावर नाही आणि शेकताना त्वचा पाहिल्याची नोंद नाही, म्हणून आयोगाने सेवेतील त्रुटी मान्य केली आणि जखमेच्या उपचाराचा खर्च व भरपाई देण्यास सांगितले. घटनेच्या दिवसापासून केलेली मदत आणि मूळ पान जसेच्या तसे सादर केल्याची गोष्टही आदेशात आली. रक्कम विमा कंपनीने भरली. दवाखान्यात आता सायंकाळी एका वेळी तीनच रुग्ण घेतले जातात, शेकाच्या खाटेशेजारी दोन परीक्षानळ्या आणि पाच मिनिटांचा गजर लावलेले घड्याळ असते. वर्षभरानंतर आजींचा दुसरा गुडघा दुखू लागला, तेव्हा मुलगाच त्यांना पुन्हा घेऊन आला. पिशवी ठेवण्यापूर्वी बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि विचारले, “आजी, गरम की थंड?”